युनिकोडमधलं मराठी छापता येतं: एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘छपाईला मजकूर देण्याआधी हे वाचा, फसवणूक टाळा’ असा एक लांबलचक संदेश सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांच्या, गणेश मंडळांच्या आणि पतसंस्थांच्या ग्रुपवर फिरतो आहे. खाली कुणाचं नाव नाही, पण भाषा अशी की लिहिणाऱ्याचा जन्म छापखान्यात गेला असावा असं वाटावं. माझ्या भाचीच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. तिनं सगळा मजकूर मोबाइलवर आणि लॅपटॉपवर टाइप करून, तपासून तयार ठेवला होता. हा संदेश वाचून समितीनं ठरवलं की तो सगळा ‘छपाईच्या फॉन्ट’मध्ये पुन्हा टाइप करून घ्यायचा, आणि त्यासाठी वर्गणीतले पैसे मोजायचे. हे थांबायला हवं, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो. पहिला मुद्दा सगळ्यांत घातक आहे, त्याच्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

संदेश म्हणतो: ‘युनिकोड फक्त मोबाइलसाठी असतं. छपाईत ते चालत नाही, अक्षरं फुटतात. मराठी छापायचं तर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्येच टाइप करा.’

साफ चूक. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. छापण्याच्या यंत्राला युनिकोड कळत नाही, जुना फॉन्टही कळत नाही. त्याला ठिपके कळतात. पीडीएफ छापखान्यात गेली की रिप नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराचा आकार ठिपक्यांत बदलतं आणि ते ठिपके ऑफसेटच्या प्लेटवर किंवा डिजिटल यंत्राकडे जातात. त्या टप्प्यावर ‘क’ हे अक्षर कुठल्या क्रमांकानं साठवलं होतं याच्याशी कागदाचा काही संबंध उरत नाही. आणि ज्या श्रीलिपीचं नाव संदेशात घेतलंय, तिच्याच नव्या आवृत्त्यांमध्ये युनिकोडची सोय आहे.

अक्षरं फुटतात ती त्याच्या आधी, पान लावताना. युनिकोडमध्ये ‘स्थिती’ हा शब्द उच्चाराच्या क्रमानं साठवलेला असतो: स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. अर्धा स काढणं, थच्या नंतर साठवलेली ऱ्हस्व वेलांटी उचलून जोडाक्षराच्या डावीकडे नेणं, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसवणं ही कामं पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरनं फॉन्टमधल्या नियमांप्रमाणे करायची असतात. ज्या सॉफ्टवेअरला हे येत नाही, तिथं वेलांटी भलतीकडे जाते, हलन्त उघडा दिसतो आणि मोकळ्या मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं. दोष त्या सॉफ्टवेअरचा किंवा त्यातल्या एका सेटिंगचा असतो. मजकूर बिनचूकच असतो.

इथं एक गोष्ट मान्य करावी लागते. पेजमेकर या पान लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला हे कधीच आलं नाही. त्याची शेवटची आवृत्ती, 7, ही 2001 सालची, आणि तिच्यात युनिकोड नाही. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांचंही तेच. आपल्या भागात आजही अशा संगणकांवर रोज पत्रिका आणि पावतीपुस्तकं लागतात, कारण ऑपरेटरचा हात रेमिंग्टन कीबोर्डवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसलेला आहे आणि मथळ्यांचे सुंदर जुने फॉन्ट तिथं आहेत. अशा ठिकाणी युनिकोड मजकूर चिकटवला तर तो फुटेल, हे खरं. पण ‘आमच्या या संगणकावर होत नाही’ याचा अर्थ ‘छपाईत होत नाही’ असा होत नाही.

बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं ते इतकंच. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनलच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. तिथं मूळचा साधा कंपोझर राहिला की मराठी फुटतं, आणि ‘इनडिझाइनला युनिकोड चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथंच उगम पावते. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू करा. मोफत स्क्रायबस वापरायचं असेल तर 1.6 घ्या, 1.4 मध्ये देवनागरी नीट जुळत नाही. वर्डमध्ये जोडाक्षरं आपोआप जुळतात, पण मराठीचा फॉन्ट आणि आकार कंट्रोल-डी दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या भागात ठरतो. लिबरऑफिसमध्येही तसंच, तिथं त्याला सीटीएल म्हणतात. इंग्रजीचा आकार बदलला आणि मराठीचा तसाच राहिला, तर आधी तिथं बघा.

आता जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्यानं काय होतं ते. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे चितारलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही पाच रोमन अक्षरं जातात आणि फॉन्टच्या चित्रांमुळे ती मराठी दिसतात. फॉन्ट निघाला की मराठीही निघून जातं. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये निरर्थक होतो. सभासदांची यादी अकारविल्हे लावायला गेलात तर ती त्या रोमन अक्षरांच्या क्रमानं लागते. अहवालात एखादं आडनाव शोधायला गेलात तर सापडत नाही. अंध वाचकासाठी संगणक मोठ्यानं वाचतो तेव्हा नुसती रोमन अक्षरं ऐकू येतात. स्मरणिका वीस वर्षांनी पुन्हा काढायची ठरली आणि तो फॉन्ट मिळाला नाही, तर सगळं पुन्हा टाइप करण्यावाचून मार्ग नाही.

बेळगावात हे नुकसान दुप्पट आहे, कारण आपली निम्मी कामं दोन लिपींत असतात. पतसंस्थेची नोटीस, शाळेचं परिपत्रक, लग्नाची पत्रिका: वर मराठी, खाली किंवा शेजारी कन्नड. मराठी जुन्या फॉन्टमध्ये आणि कन्नड नुडी किंवा बरहा या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर दोन्ही भाषा फाइलमध्ये त्याच रोमन जागांवर बसलेल्या असतात. सगळा मजकूर निवडून कुणी फॉन्ट बदलला की कन्नड परिच्छेद मराठी अक्षरांच्या कचऱ्यात बदलतो. एका भाषेत ‘शोधा आणि बदला’ चालवलं की दुसऱ्या भाषेतही बदल होतात, आणि ते प्रूफात सापडतील याची खात्री नसते, कारण मराठी तपासणारा कन्नड वाचत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ आणि कन्नडला ०सी८० ते ०सीएफएफ अशा स्वतंत्र जागा आहेत. 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून या दोन्ही लिपी त्यात आहेत. फॉन्ट चुकला तर फार तर रिकामे चौकोन दिसतील, पण आतली भाषा बदलणार नाही. नुडी वापरणाऱ्यांनाही आता युनिकोडची सोय आहे, तेव्हा कन्नडच्या बाजूचीही सबब उरलेली नाही.

संदेशात पुढे एक पुस्ती आहे: ‘युनिकोडमध्ये मराठीचा र नीट येत नाही, ते हिंदीसाठी बनवलंय.’ ज्यानं हे लिहिलं त्यानं युनिकोड मानकातलं देवनागरीचं प्रकरण उघडून पाहिलेलं नाही. तिथं रच्या नियमांमध्ये आर-5 हा नियम नेमका याच्यासाठी आहे. नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ आणि हलन्त आला की पापणीसारखा अर्धा र दाखवायचा, आणि हा र मराठीत आणि नेवारीत वापरतात असं तिथं मराठीचं नाव घेऊन लिहिलं आहे. त्याच्या जोडीचा आर-5ए हा नियम साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह अशा जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या मजकुराची सोय करतो. म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे लिहिता येतात, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हेही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य. हे तीन दाब न शिकता खापर युनिकोडवर फोडायचं, याला अर्थ नाही.

‘युनिकोडची अक्षरं कुरूप असतात’ या वाक्यामागचं कारण मला माहीत आहे. लोकांनी युनिकोड म्हणजे मंगल असं धरलंय. मंगल हा र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला फॉन्ट, विंडोजबरोबर आलेला, आणि त्याचं काम पडद्यावर वाचता येणं हे होतं. तो पुस्तकात लावला तर पान ढोबळ दिसतं, हे मीही म्हणेन. मग तो लावू नका. ‘मुक्ता’ घ्या, ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या, राज्य मराठी विकास संस्थेनं आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाबरोबर काढलेले ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ घ्या. महाराष्ट्र शासनानं 2009 साली वर्णमाला प्रमाण केली तेव्हाचा पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल, तर तो फॉन्टमध्ये आहे का ते आधी एक ओळ टाइप करून बघा. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली की हे आकार येतात आणि हिंदी राहिली की येत नाहीत. दोन लिपींच्या कामाला ‘अनेक देवनागरी’ आणि ‘अनेक कन्नड’, किंवा ‘बालू’ आणि ‘बालू तम्मा’ अशा जोड्या वापरा. त्या एकाच घराण्यातल्या असल्यामुळे रेघेची जाडी आणि अक्षराचा आकार शेजारीशेजारी जुळतो.

ज्यांचा जुना मजकूर आधीच जुन्या फॉन्टमध्ये अडकला आहे, त्यांनी तो परिवर्तकातून, म्हणजे फॉन्ट कन्व्हर्टरमधून, युनिकोडमध्ये आणावा. नंतर पाच जागा डोळ्यांनी तपासाव्यात: रफार, ऱ्य आणि ऱ्ह, जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी, आकडे, अवतरणचिन्हं. चुका बहुतेक इथंच राहतात. आणि छापखाना जुन्याच सॉफ्टवेअरवर असेल, तर त्याला टाइप करायला मजकूर देऊच नका. पान तुमच्याकडे लावा आणि फॉन्ट आत घातलेली पीडीएफ द्या.

त्यावरून पुढचा दावा: ‘एकदा पीडीएफ केली की फॉन्टची चिंता नाही.’ अर्धं खरं. फॉन्ट पीडीएफच्या आत बसलेला असेल तरच. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असं जा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ हवं. एकाही नावापुढे ते नसेल तर छापखान्याच्या संगणकावर त्या जागी दुसरा फॉन्ट येईल. पीडीएफ काढताना ‘पीडीएफ/एक्स-1ए’ हा पर्याय असेल तर तो निवडा, त्या मानकात सगळे फॉन्ट आत असणं सक्तीचं आहे. फॉन्ट आत असूनही ती पीडीएफ कुणी कोरलमध्ये उघडून ‘एवढं एकच नाव बदलतो’ म्हणालं, तर मजकूर पुन्हा फुटू शकतो. दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करून नवी पीडीएफ काढायची, हाच नियम ठेवा.

फोटोंबद्दल संदेश सांगतो: ‘फोटोच्या सेटिंगमध्ये 72 काढून 300 डीपीआय लिहा, फोटो छपाईयोग्य होतो.’ नाही होत. फोटोत असतात ते पिक्सेल, आणि 300 हा आकडा ते एका इंचात किती दाटीनं मांडायचे एवढंच सांगतो. 1200 गुणिले 1600 पिक्सेलचा फोटो 300 च्या दाटीनं मांडला तर 4 इंच गुणिले साधारण सव्वापाच इंच होतो, त्याहून मोठा नाही. तोच ओढून ए-4 पानभर केला तर दाटी 137 च्या आसपास उतरते आणि चेहरे मऊ पडतात. सॉफ्टवेअरनं पिक्सेल वाढवून दिले तरी ते शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजानं भरलेले असतात, नवा तपशील त्यात येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र बऱ्याचदा लांब बाजूला 1600 पिक्सेलच्या आसपास आणलेलं असतं. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

300 हा आकडाही सगळीकडचा नाही. आर्ट पेपरवर ऑफसेटला फोटो ज्या ठिपक्यांच्या जाळीत छापतात ती साधारण इंचाला 150 रेघांची असते आणि फोटोची दाटी तिच्या दुप्पट ठेवतात, तिथून तो आला. वर्तमानपत्री कागदावर जाळी 85 ते 100 ची, तिथं 200 पुरतात. आणि फ्लेक्सला 300 मागणारा माणूस स्वतःचाच संगणक बंद पाडतो: 10 गुणिले 6 फुटांचा फलक 300 नं केला तर 36,000 गुणिले 21,600, म्हणजे 77 कोटींहून जास्त पिक्सेल आणि चार रंगांत सुमारे 3 जीबी. 72 नं केला तर तोच फलक 180 एमबीच्या आत बसतो आणि रस्त्यावरून पाहताना फरक दिसत नाही.

‘स्क्रीनवर दिसतो तोच रंग कागदावर येतो’ हे विधान ज्या मंडळानं भगव्या पार्श्वभूमीचा अहवाल छापून घेतलाय त्यांनी वाचलं तर त्यांनाच राग येईल. पडद्यावर लाल, हिरवा, निळा हा उजेड मिसळतो. कागदावर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई. पडद्यावरचा झळाळता भगवा या चार शायांच्या आवाक्यात पूर्ण येत नाही, म्हणून आपोआप रूपांतर झालं की तो विटकरी किंवा मळकट होतो. रंग सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या टक्क्यांत, ठरवा: किरमिजी 60 ते 65, पिवळा 100, निळसर शून्य, काळा शून्य. यात निळसरचे दोन-चार टक्के जरी शिरले तरी मळकटपणा येतो. निळ्याचं उलटं दुखणं, तो जांभळा होतो. निळसर 100 असेल तर किरमिजी 70 च्या वर नेऊ नका.

मजकुराचा काळा हा याहून महत्त्वाचा, आणि संदेशात त्याचा उल्लेखच नाही. आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांतला, काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगनं बदलला तर 75, 68, 67, 90 असा चारही शायांचा होतो. देवनागरीच्या बारीक शिरोरेघेवर चार शायांच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली पडते. मजकूर फक्त काळ्या शाईचा, के 100, बाकी तिन्ही शून्य. वर्डमधून आलेल्या पीडीएफमध्ये काळा आरजीबीत असू शकतो, तो एका काळ्या प्लेटवर घ्यायला छापखान्याला लेखी सांगा.

‘12 पॉइंट म्हणजे 12 पॉइंट, फॉन्ट कुठलाही असो.’ पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, 0.353 मिलिमीटर, त्यामुळे 12 पॉइंट म्हणजे 4.23 मिलिमीटर. पण ही उंची अक्षर ज्या चौकटीत बसतं तिची आहे. त्या चौकटीत वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार सगळं मावायचं असतं, आणि प्रत्येक फॉन्टकारानं क साठी किती जागा ठेवली हे वेगळं. म्हणून एकाच पत्रिकेवर 14 पॉइंटचं मराठी आणि 14 पॉइंटचं कन्नड लहानमोठं दिसतं. आकडे जुळवू नका, छापून डोळ्यांनी जुळवा. ओळींमधलं अंतर 12 पॉइंटला 16 ते 18 ठेवा. वर्डमध्ये लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ ठेवून आकडा कमी टाकला की वरच्या मात्रा आणि कन्नडची खालची जोडाक्षरं कापली जातात. तिथं ‘ॲट लीस्ट’ निवडा.

‘ब्लीड ही जास्त कागदाचे पैसे लावायची युक्ती आहे’ हे वाक्य तर छापखान्यांवर निव्वळ अन्याय आहे. गठ्ठा कापताना सुरी मिलिमीटरभर इकडंतिकडं होतेच. रंग पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो चारही बाजूंनी 3 मिलिमीटर बाहेर काढावा लागतो, नाहीतर कडेला पांढरी रेघ राहते. ए-4 पान 210 गुणिले 297, ब्लीडसह 216 गुणिले 303. मजकूर मात्र कडेपासून निदान 5 मिलिमीटर आत.

जीएसएम जास्त म्हणजे कागद चांगला, या समजाबद्दल थोडक्यात. जीएसएम एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये सांगतो, दर्जा सांगत नाही. ए-4 हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून 80 जीएसएमचा एक कागद 5 ग्रॅमचा आणि 500 कागदांचं रीम अडीच किलोचं. दर्जासाठी कागदाचा नमुना हातात घ्या, त्याच्यामागे छापलेला कागद धरा आणि मागची अक्षरं किती दिसतात ते बघा.

शेवटचा दावा, ‘प्रूफ मोबाइलवर पाहिलं तरी पुरतं’. मोबाइलवर शुद्धलेखन पाहता येतं, आकार आणि रंग नाही. कागदावर काढा, आणि काढताना प्रिंटच्या चौकटीत ‘फिट’ नको, ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा, कारण फिटमध्ये पान काही टक्क्यांनी लहान होतं आणि 10 पॉइंटचं अक्षर साडेनऊचं दिसतं. मग पट्टी लावून मथळ्याची रुंदी आणि समास मोजा, मराठी आणि कन्नड दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या, आणि दोघांच्या सह्या त्याच कागदावर घेऊन तो छापखान्यात द्या.